गहू आपला, गिरणी कोणाची?



अमेरिका म्हटली की खासगी कंपन्यांचे राज्य, आणि सहकार म्हटला की तो आपल्या मुलखाचा, असा एक समज आपल्यात पक्का बसला आहे. तिकडचा शेतकरी म्हणजे हजार एकरांचा धनी, त्याला कशाला लागतो सहकार? या समजाला धक्का देणारे एक राज्य अमेरिकेच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या शिवेला लागून आहे. नॉर्थ डाकोटा त्याचे नाव. या राज्यात सरकारी मालकीची बँक आहे, सरकारी मालकीची पिठाची गिरणी आहे, आणि बीटापासून साखर काढणारे तिथले कारखाने बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्याच मालकीचे आहेत. हे सगळे कम्युनिस्टांनी केले असे कोणास वाटेल. पण ते केले गहू पिकवणाऱ्या, देवळात जाणाऱ्या, चार पैसे गाठीला बांधणाऱ्या साध्या कुळवाडी माणसांनी. कसे केले, काय टिकले आणि काय हातचे गेले, हे ऊस उत्पादक सभासदांनी जाणून घ्यावे असे आम्हास वाटते.

प्रथम मुलूख कसा आहे ते पाहू. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे जास्त, पण २०२० च्या शिरगणतीत लोकसंख्या अवघी ७ लाख ७९ हजार. आपल्या एखाद्या मोठ्या शहरातही यापेक्षा जास्त माणसे राहतात. थंडीत पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत आणि गव्हाची काढणी ऑगस्टात, म्हणजे शेतीला वर्षातले चार-पाच महिनेच मिळायचे. पूर्वेच्या हद्दीवर रेड नदी आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथे बर्फाच्या पाण्याचे अफाट सरोवर होते. ते आटले आणि तळाचा काळा गाळ उघडा पडला. ती जमीन इतकी सपाट की पाणी कुठे वाहून जावे हे पाण्यालाच कळत नाही. त्यात नदी वाहते उत्तरेकडे. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो आणि उत्तरेकडे नदी अजून गोठलेलीच असते. मग पाणी तुंबून गावात शिरते. १९९७ साली ग्रँड फोर्क्स हे शहर असेच बुडाले होते.

या जमिनीवर पहिली शेती गोऱ्या लोकांनी केली नाही. मिसूरी नदीच्या काठी मंडान, हिदात्सा आणि अरिकारा हे लोक पिढ्यान् पिढ्या मका, घेवडा आणि भोपळा पिकवीत. १८३७ साली देवीची साथ आली, तीत मंडान लोक जवळजवळ नाहीसे झाले. जे उरले त्यांच्या वंशजांवर शंभर वर्षांनी दुसरा घाव बसला. मिसूरीवर गॅरिसन धरण बांधले आणि नदीकाठची त्यांची दीड लाख एकरांवर जमीन पाण्याखाली गेली. १९४८ साली जमीन देण्याच्या करारावर सह्या होत असताना त्या लोकांचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट हे चष्मा काढून, हाताने तोंड झाकून रडत आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. धरणग्रस्त म्हणजे काय, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

गोऱ्या शेतकऱ्यांची वस्ती आली ती रेल्वेमागून. १८६२ च्या कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्यास १६० एकर मिळत. नॉर्वे, जर्मनी, रशियात स्थायिक झालेले जर्मन, असे गरीब लोक बोचकी घेऊन आले. रेल्वे कंपनीला मात्र सरकारने रूळ टाकण्याच्या मोबदल्यात या एका राज्यातच एक कोटी एकरांहून अधिक जमीन दिली होती! जर्मनीतले भांडवल यावे म्हणून मिसूरीकाठच्या एका गावाला कंपनीने १८७३ साली जर्मन पंतप्रधानाचे नाव दिले, बिस्मार्क. आज ती राज्याची राजधानी आहे. १८७३ च्या मंदीत ही रेल्वे कंपनी बुडीत निघाली, तेव्हा तिचे रोखे घेतलेल्या धनिकांनी रोख्यांच्या बदल्यात जमिनी घेतल्या आणि हजारो एकरांची गव्हाची शेते उभी केली. पेरणी-काढणीला बाहेरून मजुरांच्या टोळ्या आणायच्या आणि काम झाले की वाटेला लावायचे. ती शेते पंचवीस-तीस वर्षांत मोडली आणि घरच्या माणसांनी कसलेली शेती मागे उरली. १८८९ साली नॉर्थ डाकोटा हे स्वतंत्र राज्य झाले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. गहू उदंड पिकू लागला, पण तो विकायचा कुठे? गावोगाव रेल्वेच्या कडेला धान्याची उंच कोठारे होती. ती बहुतेक शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस शहराच्या व्यापाऱ्यांची. गिरण्या त्यांच्या, बाजार त्यांचा आणि कर्ज देणाऱ्या बँकांचे धागेही तिकडेच. शेतकरी गाडी घेऊन गेला की कोठारवाला मूठभर गहू हातात घेणार, प्रत ठरवणार, कचऱ्याची घट धरणार आणि भाव सांगणार. पटत नसेल तर ने परत! कडता आणि प्रतवारी या दोन शस्त्रांनी शेतकरी कसा कापला जातो हे ज्याने अडत बाजारात माल नेला आहे त्याला माहीत आहे. भाषा निराळी, हात तोच.

इथे एका मास्तराचे नाव घेतले पाहिजे. फार्गो येथील कृषी महाविद्यालयात एडविन लॅड नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९१६ साली तांबेऱ्याने गव्हाचा दाणा बारीक पडला. व्यापाऱ्यांनी तो गुरांच्या लायकीचा म्हणून मातीमोलाने घेतला. लॅड यांनी तोच गहू दळून आणि त्याची भाकर भाजून दाखवून दिले की त्यापासून माणसाने खावे असे उत्तम पीठ निघते. म्हणजे घेताना तो गुरांचा आणि विकताना माणसांचा. शेतकऱ्यांचा संशय आता प्रयोगशाळेत सिद्ध झाला. पुढे लोकांनी याच लॅडना अमेरिकेच्या सिनेटवर निवडून पाठविले.

शेतकऱ्यांची मागणी साधी होती. राज्याने स्वतःचे धान्य कोठार बांधावे. १९१२ आणि १९१४ अशा दोन वेळा मतदारांनी तसा कौल दिला, तरी १९१५ साली विधिमंडळाने तो बाजूस सारला. राजधानीत जमलेल्या शेतकऱ्यांना एका आमदाराने ‘घरी जा आणि डुकरांना खायला घाला’ असे सुनावले, अशी गोष्ट तिथे सांगतात. त्या आमदाराने पुढे जन्मभर याचा इन्कार केला. खरे-खोटे काहीही असो, ते वाक्य गावोगाव पोहोचले आणि काम करून गेले.

त्याच साली आर्थर टाउनली नावाचा एक माणूस पुढे आला. जवसाच्या शेतीत हात पोळलेला, कर्जात बुडालेला आणि जिभेवर सरस्वती. त्याने ‘नॉनपार्टिझन लीग’, म्हणजे पक्षनिरपेक्ष संघ स्थापन केला. फोर्ड मोटारी घेऊन कार्यकर्ते वस्ती-वस्तीवर फिरू लागले. वर्गणी आधी सहा डॉलर, मग नऊ, पुढे दोन वर्षांचे सोळा. हातात रोकड नाही? मग पीक निघाल्यानंतरच्या तारखेचा चेक द्या! युक्ती आम्हास फार आवडली, कारण वर्गणी दिलेला माणूस सभेला येतो, फुकटचा येत नाही. या लोकांनी नवा पक्ष काढला नाही. तिथे पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच मतपेटीतून ठरवतात. लीगने रिपब्लिकन पक्षाच्या या निवडणुकीत आपली माणसे उभी केली आणि निवडून आणली. १९१६ साली लिन फ्रेझियर नावाचा शेतकरी शंभरातली जवळपास ७९ मते घेऊन गव्हर्नर झाला. संघाच्या वृत्तपत्राचा व्यंगचित्रकार जॉन बेअर हा पुढच्या वर्षी थेट अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जाऊन बसला.

१९१८ साली दोन्ही सभागृहे हाती आली आणि १९१९ साली कायद्यांचा धडाका सुरू झाला. वीस लाख डॉलर भांडवलाची ‘बँक ऑफ नॉर्थ डाकोटा’ निघाली. राज्याचा कराचा पैसा परमुलखातल्या बँकेत न ठेवता या बँकेत ठेवायचा आणि तिथून शेतकऱ्यास माफक व्याजाने द्यायचा. सरकारी गिरणी आणि धान्य कोठार यांची योजना झाली. गारपिटीचा विमा राज्यानेच चालवायचे ठरले. या सगळ्यावर गव्हर्नर, अॅटर्नी जनरल आणि शेतीखात्याचा निवडून आलेला प्रमुख अशा तिघांचे मंडळ नेमले.

पण इथवरच सांगितले तर ती आरती होईल. महायुद्ध संपताच १९२० नंतर गव्हाचा भाव कोसळला. न्यूयॉर्कच्या सावकारांनी बँकेचे रोखे घेण्यास नकार दिला. संघातही उणे होतेच. टाउनलीचा कारभार एकहाती होता, हिशोबाबद्दल कुरबुरी होत्या, आणि जवळची माणसे एकमेकांवर उठली. युद्धाच्या काळात सैन्यभरतीला अडथळा केला या आरोपावरून त्याला मिनेसोटात तुरुंगवासही भोगावा लागला. अखेर २८ ऑक्टोबर १९२१ रोजी मतदारांनी गव्हर्नर फ्रेझियर यांना मुदतीआधीच खुर्चीवरून खाली ओढले. अमेरिकेत गव्हर्नर असा परत बोलावला जाण्याचा तो पहिलाच प्रसंग.

आता खरी मौज पाहा. त्याच दिवशी, त्याच मतदारांपुढे बँक आणि गिरणीचा मांडलेला डाव मोडण्याचे प्रस्तावही होते. ते लोकांनी फेटाळले! माणूस काढला आणि संस्था ठेवली. एवढेच नव्हे, ग्रँड फोर्क्सची सरकारी गिरणी १९२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली ती विरोधी गटाच्या गव्हर्नराच्या कारकीर्दीत. त्याने विरोधकाचे काम म्हणून पाया खणून टाकला नाही, ते पुरे केले. चेअरमन बदलला की आधीच्याने मांडलेले विस्तारीकरण अडगळीत टाकायचे, ही आपल्या सहकारातली रीत ज्यांनी पाहिली आहे त्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

गिरणी पहिली कित्येक वर्षे धड चालली नाही, तोट्यातही गेली. आज ती एका जागी दळण करणारी अमेरिकेतली सर्वांत मोठी गिरणी गणली जाते आणि नफ्यातला वाटा राज्याच्या तिजोरीत टाकते. बँकेची मालमत्ता आज सुमारे दहा अब्ज डॉलर आहे. ती गावच्या बँकांशी स्पर्धा करीत नाही, त्यांच्या कर्जात भागी घेते आणि त्यांच्यामागे उभी राहते. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत राज्य सरकारची अशी बँक दुसरी नाही. गंमत अशी की आज त्या राज्यात सत्ता आहे ती बाजारपेठेच्या मोकळिकीचा रोज जप करणाऱ्या पक्षाची. तरी बँक मोडा असे मत मागायला कोणी धजत नाही.

१९३० च्या दशकात दुष्काळ आला, धुळीची वादळे आली, आणि गहू कवडीमोल झाला. हजारो माणसे गाव सोडून गेली. १९३० साली जेवढी वस्ती होती तेवढी पुन्हा व्हायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली. त्या वेळी विल्यम लँगर या गव्हर्नरने शेतजमिनींचे लिलाव थांबवले, गरज पडली तिथे सैनिक उभे केले. माणूस वादग्रस्त, त्याच्यावर खटलेही झाले, पण लिलाव थांबवणारा म्हणून जुन्या माणसांनी त्याला विसरले नाही. १९३२ साली मतदारांनी स्वतःच एक कायदा केला, कंपन्यांनी शेतजमीन घ्यायची नाही आणि शेती करायची नाही. पुढे एका कुटुंबातल्या माणसांच्या कंपनीला मुभा मिळाली. २०१५ साली विधिमंडळाने दूध आणि डुकरांच्या धंद्यासाठी दार उघडले, तेव्हा लोकांनी २०१६ साली मतपेटीतून ते पुन्हा लावले, शंभरातल्या सुमारे पंचाहत्तर मतांनी. २०२३ साली मात्र जनावरांच्या धंद्यापुरती वाट विधिमंडळाने मोकळी केलीच. दार एकदा लावून भागत नाही, असे दिसते.

तेलाचा विषय आम्ही थोडक्यात उरकतो. १९५१ साली टायोगाजवळ तेल लागले, २००८ च्या सुमारास खडक फोडून तेल काढण्याचे नवे तंत्र आले, आणि पश्चिमेकडच्या खेड्यांत रात्रीत पैसा आला. २०१४ च्या अखेरीस भाव पडले तेव्हा तितक्याच वेगाने माणसे गेलीही. शहाणपण एवढे की २०११ पासून तेल-करातला तीस टक्के हिस्सा पुढच्या पिढीसाठी बाजूस ठेवला जातो.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. रेड नदीच्या खोऱ्यात शुगर बीट पिकते. कारखाने अमेरिकन क्रिस्टल या खासगी कंपनीचे होते आणि तिचे मुख्य ऑफिस दूर डेन्व्हरला. शेतकऱ्यांना बीट वाढवायचे होते, कंपनीला कारखाना वाढवायचा नव्हता. तेव्हा १९७३ साली बीट उत्पादकांनी ती कंपनीच ८ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. आपल्या प्रवरेला कारखाना उभा राहून तोवर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता, हे अभिमानाने सांगायला हरकत नाही. दैवानेही साथ दिली. १९७४ साली जगात साखरेचा भाव कधी नव्हे इतका चढला. त्यानंतर मक्याच्या पाकाने बाजार खाल्ला, शीतपेयवाल्यांनी १९८४ साली साखर सोडली, आणि आज हे कारखाने सरकारने परदेशी साखरेवर घातलेल्या मर्यादेच्या आधाराने उभे आहेत. सरकारी धोरणाशिवाय साखर कुठेच गोड होत नाही.

त्यांच्या दोन रीती मात्र आपण बारकाईने पाहिल्या पाहिजेत. पहिली रीत अशी की तिथे बीटाचे पैसे नुसत्या टनावर मिळत नाहीत, ज्याच्या त्याच्या बीटातून किती साखर निघेल त्यावर मिळतात. काट्यावर नमुना काढतात आणि तपासतात. आपल्याकडे दर निघतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. मग जो सभासद योग्य वेळी लागण करतो, पक्व ऊस देतो, आणि जो कोवळा ऊस पाणी देऊन रेटतो, दोघे एका रांगेत.

दुसरी रीत कडक आहे. तिथला शेअर म्हणजे नुसता कागद नव्हे. एक शेअर म्हणजे एक एकर बीट लावण्याचा हक्क आणि लावून घालण्याचे बंधनही. मत मात्र प्रत्येकास एकच. २०१९ च्या पावसाळी हंगामात रानात ट्रॅक्टर रुतले, बीट निघेना, आणि बरेच क्षेत्र जमिनीतच राहिले. कारखाना चालवण्याचा ठरीव खर्च तर कोणी माफ करीत नाही. तेव्हा न काढलेल्या एकरामागे सभासदाकडून तीनशे डॉलरहून अधिक आकार घेतला गेला. पीक गेले ते गेले, वर दंड! आम्हास हे निष्ठुर वाटते. आपल्याकडे असे केले तर सर्वसाधारण सभेत खुर्च्या उडतील. पण कारखाना आपला आहे म्हणजे त्याचा तोटाही आपला, हे त्या माणसांनी कबूल केलेले आहे. आपल्याकडे ऊसनोंदीचा करार होतो. तो किती जण पाळतात ते गटऑफिसात जाऊन विचारावे. शेजारच्या गुऱ्हाळाने किंवा खासगी कारखान्याने टनाला शंभर रुपये जास्त टाकले की ट्रॉली तिकडे वळते. आणि ऊस शिल्लक राहील असे दिसले की तोच सभासद तोडीच्या पाळीपत्रकावरून चिटबॉयच्या अंगावर धावतो.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. शेतकरी मालक झाला म्हणून तो मजुराचा मित्र झाला असे नाही. बीटाची खुरपणी वर्षानुवर्षे टेक्सासहून आलेल्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांनी, पोराबाळांसह केली. आपल्या ऊसतोड्यांची कोपी आठवावी. २०११ च्या ऑगस्टात नव्या वेतन करारावरून अमेरिकन क्रिस्टलने सुमारे तेराशे कामगारांना गेटबाहेर ठेवले आणि ते भांडण २०१३ पर्यंत ताणले. मिनियापोलिसच्या गिरणीवाल्यांशी लढलेल्यांच्या नातवंडांनी हे केले.

शेवटी कॅरिंग्टनची हकीकत. नॉर्थ डाकोटात ड्युरम गहू पिकतो, आपल्या बन्सी गव्हाच्या जातकुळीतला, शेवया-मॅकारोनीचा. ‘गहू आम्ही पिकवतो तर मॅकारोनीचा नफा दुसऱ्यास का?’ म्हणून शेतकऱ्यांनी सहकारी कारखाना काढला, तो १९९३ साली चालू झाला आणि चांगला चालला. इथेही शेअरला गहू घालण्याचे बंधन होते. पण त्या वर्षांत ड्युरमच्या लोंबीवर बुरशीचा रोग पडू लागला. घरचा गहू नापास होई आणि बंधन पुरे करायला बाजारातून विकत आणून घालावा लागे. सभासद वैतागले. २००२ साली सभासदांच्याच मतांनी सहकारी संस्थेची कंपनी झाली आणि शेअर एकीकडे, गहू एकीकडे अशी फारकत झाली. २०१० साली कॅनडातल्या एका मोठ्या कंपनीने सगळे शेअर २४ कोटी डॉलरना घेतले. सभासदांना पैसा चांगला मिळाला, कोणी फसवले नाही. पुढे चार वर्षांच्या आत कारखाना आणखी एका कंपनीकडे गेला, तेव्हा कोणाचे मत विचारायचे कारण उरले नव्हते.

आपल्या राज्यात सहकारी कारखाने बहुधा कर्जाने बुडून विकले गेले. कॅरिंग्टनचा कारखाना नफ्यात असताना गेला, आणि बंधन नको झाले म्हणून गेला. या दुसऱ्या वाटेची भीती आपल्या सभांमध्ये कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून आम्ही ती इथे मांडली.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत घुसडण्याऐवजी दोन ठराव आधी लेखी द्यावेत असे आमचे सभासदांस सांगणे आहे. एक, निदान दोन गटांत प्रायोगिक तत्त्वावर प्रत्येक सभासदाच्या उसाचा नमुना काट्यावर तपासून त्याचा उतारा पावतीवर छापावा, दराला तो पुढे लावायचा की नाही ते नंतर बघू. दुसरा, नोंदीचा ऊस बाहेर घालणाऱ्या सभासदाची पुढील हंगामातील तोड कितव्या क्रमांकाने यावी हे पोटनियमांत स्पष्ट लिहावे, आणि त्यात संचालकांच्या उसालाही सूट नसावी.